कॉमिकच्या मूळ पानावर पाणी सांडलं आणि पुढे मी कशी फसले

माझ्याकडे सत्तरच्या दशकातल्या एका अमेरिकन कॉमिकचं मूळ पान आहे. म्हणजे छापील अंकातलं पान नव्हे, तर ज्याचा फोटो घेऊन पुढे अंक छापला गेला, ते हाताने काढलेलं पान. त्या काळात हे काम साधारण ११ बाय १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्डावर, म्हणजे चित्रांसाठीच्या जाड, टणक कागदावर व्हायचं आणि छापताना लहान केलं जायचं. आधी पेन्सिल, मग संवादांची अक्षरं, मग शाई. बऱ्याचदा ही तिन्ही कामं वेगवेगळ्या माणसांची असायची. माझ्या पानावर एका पात्राचा हात चुकला होता, म्हणून त्यावर पांढरा रंग लावून तो पुन्हा काढलेला होता. बोट फिरवलं की तिथे बारीक उंचवटा लागायचा. समासात पेन्सिलीने पानाचा क्रमांक आणि संपादकाच्या दोन ओळी होत्या. फिकट निळ्या पेन्सिलीच्याही काही रेघा होत्या. तो निळा रंग छपाईच्या फिल्मवर उमटत नसे, म्हणून सूचना त्यानेच लिहायची पद्धत होती. एक संवादाचा फुगा वेगळ्या कागदावर लिहून वरून चिकटवलेला होता. हे सगळं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे यातलंच एकेक गेलं.

पान प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं होतं आणि माझ्याच कोपराचा धक्का लागून पाण्याचा पेला त्यावर आडवा झाला. मी घाबरले आणि हाताला लागला तो टॉवेल घेऊन पुसायला लागले. पहिली चूक ती. पाणी पुसायचं नसतं, टिपायचं असतं. रेषा पक्क्या शाईच्या होत्या, त्या हलल्या नाहीत. पण मोठ्या काळ्या भागांत बहुधा पाण्यात विरघळणारी शाई भरलेली होती, ती टॉवेलबरोबर ओढली जाऊन शेजारच्या पांढऱ्या भागात करडा फराटा उमटला. मग मी हेअर ड्रायर लावला आणि बोर्ड वाकला. फुग्यामागचं रबर सिमेंट, म्हणजे चिकटवायला वापरलेला रबराचा डिंक, जुनं होऊन आधीच सुकलेलं होतं, त्यामुळे फुगा सुटून हातात आला. पाणी जिथवर पोचलं होतं तिथे दुसऱ्या दिवशी तपकिरी कड उमटली. कागदातले जुने विरघळणारे घटक पाण्याबरोबर सरकतात आणि कडेला जाऊन साचतात, म्हणून अशी रेघ येते.

त्या वेळी टीपकागदावर पान सपाट ठेवून, कागद बदलत, हवेवर वाळू दिलं असतं तर एवढं झालं नसतं. ओल टिकली तर दोनेक दिवसांत बुरशी धरू शकते, तेवढीच काय ती घाई. पान एकदा वाळलं की कसलीही घाई नसते. हे मला माहीत नव्हतं आणि समोरच्या माणसाने नेमका त्याचाच फायदा घेतला.

जुनी कॉमिक्स आणि पोस्टर्स ‘नव्यासारखी’ करून देणारा एक जण ओळखीतून मिळाला. फोटो पाहून त्याचं पहिलंच वाक्य होतं, “ताई, डाग होता हे कुणाला कळणारसुद्धा नाही.” त्या मन:स्थितीत मला तेवढंच ऐकायचं होतं. मग म्हणाला, आम्ल पसरतंय, महिन्याभरात शाई सुटायला लागेल. हे धादांत खोटं आहे. कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं हे खरं, पण त्याला वर्षं लागतात. मी आगाऊ रक्कम दिली आणि पान पाठवलं. सुटलेला फुगा वेगळ्या पाकिटात घालून सोबत दिला. पान हातात पडल्यावर त्याने आणखी दोनदा पैसे मागितले: एकदा ‘खोलवर स्वच्छते’साठी आणि एकदा ‘म्युझियममध्ये वापरतात त्या द्रावणा’साठी. ते द्रावण कोणतं, असं विचारलं तर म्हणाला, “ते आमचं गुपित आहे.” तिथेच पान परत मागायला हवं होतं. पण माझी वस्तू त्याच्या घरात होती आणि तो दुखावला जाऊ नये असं मला वाटत होतं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा ऐकून सोडून दिली. तो म्हणाला होता, “पुढे विकलंत तर दुरुस्तीचं सांगायची काही गरज नाही.” जो माणूस आपल्याला दुसऱ्यापासून लपवायला शिकवतो, तो आपल्यापासूनही लपवत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पान परत आलं ते लख्ख पांढरं होऊन. डाग नाही, फराटा नाही, बोर्ड सपाट. मी त्याचे मनापासून आभार मानले. फ्रेम करून उजेडाच्या खोलीत लावलं. पाचेक महिन्यांनी लक्षात आलं की पानावर दोन प्रकारचे काळे दिसताहेत. रेषा पूर्वीसारख्याच काळ्या, पण त्यांच्या मधले भरीव भाग जांभळट तपकिरी. पाण्याची कडही पुसटशी परत आली होती.

तेव्हा मी कागदी वस्तूंच्या संवर्धनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी फ्रेम उघडून पानावर तिरका उजेड टाकला. घासलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले स्पष्ट दिसले. भिंगाखाली त्यांनी मला दाखवलं: मूळ शाई कागदाच्या वर बसलेली, कडा रेखीव, आणि शेजारीच मार्करची शाई तंतूंमध्ये फुटलेली. कार्बनची शाई उजेडाने फिकी पडत नाही, साध्या मार्करचा रंग उडतो. जे विरघळून गेलं होतं ते त्याने मार्करने भरलं होतं आणि ज्या रेषा शाबूत होत्या त्यातल्याही काही उगाच गिरवल्या होत्या. डाग घालवायला ब्लीच वापरलं होतं आणि ते नीट धुतलंही नव्हतं. त्याने कागद कमकुवत होतो आणि पुन्हा पिवळा पडतो. समासातल्या संपादकाच्या ओळी खोडरबराने गेलेल्या, निळ्या रेघा गेलेल्या. हाताजवळचा पांढऱ्या रंगाचा उंचवटाही खरवडून सपाट केलेला.

मी विचारलं, हे परत करता येईल का? त्या म्हणाल्या, “घातलेलं कदाचित थोडंफार काढता येईल. काढलेलं परत घालता येणार नाही.” माझं पान त्यांच्याकडे आधी आलं असतं तर त्यांनी बोर्ड सपाट केला असता, पुन्हा काढता येणार नाही असं काहीही न वापरता फुगा गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जागेवर बसवला असता, आणि कड व फराटा बराचसा तसाच ठेवला असता. काम सुरू करण्याआधी काय करणार ते लेखी दिलं असतं, आधीचे आणि नंतरचे फोटो दिले असते. मला तेव्हा हे फार थोडं वाटलं असतं, हेही खरं आहे. पाणी सांडलेलं पान मूळ पानच होतं. त्यावर तीन कलाकारांचं काम आणि एक माझा डाग होता.

पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, पान असंच आलं होतं. माझ्याकडे पाठवण्याआधीचे फोटो होते ते फक्त डागाचे, जवळून घेतलेले. पूर्ण पानाचा, समासाचा, मागच्या बाजूचा एकही नाही. त्याच्याकडून लेखी काही घेतलेलं नाही. बोलणं सगळं फोनवर. तक्रार करायला हातात काहीच नव्हतं. तुमच्याकडे असं पान असेल तर आज, धडधाकट असतानाच, त्याचे दोन्ही बाजूंनी, कडांसकट, तिरक्या उजेडातही फोटो काढून ठेवा. आणि कुणाकडेही देताना सुटलेला प्रत्येक तुकडा परत मिळेल हे लिहून घ्या.

हे मी फुग्यामुळे सांगते आहे. पानावर आता जो फुगा आहे तो नव्या कागदावर छापून चिकटवलेला आहे, मूळच्यापेक्षा किंचित लहान, त्यामुळे जुन्या रबर सिमेंटची तपकिरी कड बाजूने डोकावते. मी त्याला शेवटचा फोन केला तो पैशांसाठी नव्हता. म्हटलं, बाकी राहू दे, मी वेगळ्या पाकिटात दिला होता तो फुगा तेवढा पाठवा. तो म्हणाला, “तो होय? पिवळा पडला होता, टाकून दिला.”