हेव्रा कादिशाची अंत्यसेवा: एका मराठी बेने इस्राएल कुटुंबाचा अनुभव

दक्षिण इस्राएलमधील आमच्या गावात ज्यू दफनाची सारी व्यवस्था हेव्रा कादिशा ही दफनमंडळी पाहते. आईच्या निधनानंतर या मंडळीच्या सेवेचा जो अनुभव आला, तो येथील आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांना उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

साधारण जागेतील दफनाचा खर्च राष्ट्रीय विमा संस्था परस्पर मंडळीला देते, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे कोणी पैशाचा विषय काढला नाही. हयातीत राखून ठेवलेल्या जागेचे आणि समाधीच्या दगडाचे पैसे मात्र कुटुंबालाच भरावे लागतात.

ताहारा, म्हणजे मृताचे शुद्धिस्नान, मंडळीतील स्त्रियांनीच केले. मुलांनी आत जाण्याची रीत नसली तरी त्यांच्यापैकी एका बाईंनी नंतर आम्हांला शांतपणे सर्व समजावून सांगितले: देह सतत झाकलेला ठेवतात, त्याच्यावरून एकमेकींना वस्तू देत नाहीत, आणि शेवटी पाण्याची धार मध्ये खंड पडू न देता सोडतात. कफन पांढऱ्या साध्या कापडाचे, बिनखिशाचे असते आणि ते सर्वांना सारखेच मिळते. आईला हे फार आवडले असते.

कबरस्तानात आधी शोकाची खूण म्हणून आमच्या सदऱ्याच्या गळ्याशी डावीकडे चीर देण्यात आली, कारण आईवडिलांसाठी ती हृदयाच्या बाजूला देतात. पेटीशिवाय दफन झाले. माती लोटताना फावडे हातोहात न देता प्रत्येकाने खाली ठेवले आणि पुढच्याने ते उचलले. नंतर मंडळीच्या प्रमुखांनी कबरीजवळ उभे राहून आईचे नाव घेतले आणि तिच्या सन्मानात आमच्याकडून काही उणे राहिले असल्यास क्षमा कर, अशी तिची माफी मागितली. परक्या माणसाने तिच्याशी इतक्या अदबीने बोलावे, याने मला मोठा धीर आला.

तक्रार एकच आहे. प्रार्थना इतक्या भरभर म्हटल्या गेल्या की हिब्रू जेमतेम कळणाऱ्या आमच्या वृद्ध मावश्यांना काय चालले आहे याचा पत्ता लागला नाही. आम्ही विनंती केल्यावर आमच्या हझानांना, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्यांना, हश्काबा ही मृतासाठीची प्रार्थना आपल्या चालीवर म्हणू दिली गेली, पण हे आधी कोणी सुचवले नव्हते. म्हणून दफनाची वेळ ठरवतानाच हझानांचे नाव मंडळीला कळवावे. शिव्हाच्या, म्हणजे शोकाच्या, सात दिवसांसाठी बसक्या खुर्च्या आणि प्रार्थनेची पुस्तके मंडळीने त्याच संध्याकाळी घरपोच दिली.