घरगुती सिने रिळे डिजिटल करताना: भिंतीवरून चित्रण की फ्रेमवार यंत्र?

आठ मिलिमीटरची जुनी घरगुती रिळे कमी खर्चात डिजिटल करायची, तर व्यवहारात दोनच वाटा उरतात: चालू स्थितीतला प्रोजेक्टर मिळवून भिंतीवरचे चित्र मोबाइलने टिपणे, किंवा एकेका फ्रेमचे छायाचित्र घेत जाणारे टेबलावरचे छोटे यंत्र वापरणे. लॅबचे काम दोन्हींपेक्षा सरस असते याबद्दल वाद नाही. पण तिथली आकारणी बहुधा फुटांवर होते आणि डबाभर रिळे असली की तो आकडा झेपत नाही.

रंगांच्या बाबतीत, निदान माझ्या डोळ्यांना, भिंतच उजवी वाटते. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल प्रोजेक्टरच्या पिवळसर उजेडात जसा खुलतो, तसा यंत्राच्या एलईडी दिव्यात खुलत नाही. शिवाय सुपर 8 या आठ मिलिमीटरच्याच प्रकारातले 50 फुटांचे रीळ सेकंदाला 18 फ्रेम या वेगाने 3 मिनिटे 20 सेकंदांत संपते, त्यामुळे एका बैठकीत पुष्कळ काम उरकते.

माझा निर्णय फिरवला तो लुकलुकण्याने. प्रोजेक्टरचे शटर, म्हणजे दिव्याचा उजेड मधूनमधून अडवणारी फिरती चकती, तीन पात्यांचे असेल आणि वेग सेकंदाला 16.67 फ्रेमवर स्थिर राहिला, तर भिंतीवर सेकंदाला बरोबर 50 झोत पडतात आणि 25 फ्रेमवर लावलेल्या कॅमेऱ्यात चित्र शांत दिसते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात वेगाची कळ किंचित फिरवून मोबाइलच्या पडद्यावरची काळसर पट्टी जागच्या जागी थांबवावी, ती दिसेनाशी झाली म्हणून हात काढावा, आणि मोटर तापली किंवा संध्याकाळी शाहूपुरीतला वीजदाब जरासा उतरला की तीच पट्टी खालून हळूहळू पुन्हा वर सरकू लागावी, असे सतत चालते. डोळ्यांना भिंतीवर काहीच जाणवत नाही. दोष उमटतो तो फक्त चित्रफितीत, आणि नंतर तो काढणे जिकिरीचे असते.

फ्रेमवार यंत्रात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबवूनच टिपली जाते. ते संथ आहे. सेकंदाला साधारण दोन फ्रेम, म्हणजे तेच रीळ अर्धा तास घेते. त्याची फाइलही जरा जास्तच दाबलेली असते, गडद भागात चौकोन दिसतात. बरीच यंत्रे सेकंदाला 20 फ्रेमची चित्रफीत बनवतात, त्यामुळे माणसे लगबगीने चालताना दिसतात. संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग सुपर 8 साठी 90 टक्के आणि साध्या 8 साठी (सुपर 8 च्या आधीचा प्रकार) 80 टक्के केला की चाल ठीक होते. अर्थात ज्यांच्याकडे चांगला प्रोजेक्टर आधीच आहे आणि रिळे दोन-चारच आहेत, त्यांनी भिंतीचा प्रयोग जरूर करावा. इतरांनी भावकीत वर्गणी काढून यंत्र घ्यावे आणि ते घरोघरी फिरवावे, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेल्या रिळांना मात्र आधी हुंगून पाहावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर फिल्म आक्रसू लागलेली असते. तिच्या छिद्रांत प्रोजेक्टरचा फिल्म ओढणारा आकडा नीट बसत नाही आणि ती फाटते. यंत्रालाही तिची छिद्रे नीट सापडत नाहीत, चित्र उड्या मारते. तेवढी रिळे वेगळी काढून, दात्यांशिवाय फिल्म पुढे सरकवणारा स्कॅनर असलेल्या लॅबकडेच द्यावीत.