स्टँडिंग फ्रेम: घ्या, पण आधी गुडघ्यांचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या

व्हीलचेअरवरच्या माणसाला आधार देऊन उभं करणारी, हाताने दांडा मारून वर उचलणारी, हायड्रॉलिक पंपाची स्टँडिंग फ्रेम मी १४ महिने वापरतेय. माझी मज्जारज्जूची इजा टी-१० ची (छातीमागचा दहावा मणका), पूर्ण. कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. इजेला ९ वर्षं झाली.

फ्रेम चांगली आहे, हे आधीच सांगते. व्हीलचेअर समोर लावायची, मागून रुंद पट्टा घालायचा, गुडघे पॅडला टेकवायचे आणि दांडा मारत राहायचं. सुरुवातीला अर्ध्यावर आले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, कारण रक्तदाब एकदम खाली यायचा. मग थोडं थोडं वर जात, दोन-तीन आठवड्यांत मी पूर्ण उभी राहिले. रात्री पाय आखडून झटके यायचे, ते माझ्या बाबतीत बरेच कमी झालेत.

माझा राग आहे तो विक्रेत्याच्या एका वाक्यावर: "रोज उभं राहिलात की हाडं परत भरतील." हाडं विरळ होण्याचा वेग इजेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो, कॅल्शियम हाडांतून निघून लघवीवाटे जातं. जुन्या इजेत नुसतं उभं राहून ते परत येतं याला भक्कम पुरावा नाही. माझ्या दोन तपासण्यांतही फरक दिसला नाही.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे, विरळ हाडांवर एकदम वजन दिलं तर ती मोडू शकतात. फ्रेम घेण्याच्या आदल्या वर्षी पँट चढवताना माझा डावा पाय जरासा पिरगळला. दुखलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला, हाताला गरम, आणि झटके वाढलेले. एक्स-रेत गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलेलं निघालं. टी-६ ला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना अशा वेळी डोकं ठणकणं, घाम फुटणं, रक्तदाब चढणं असंही होऊ शकतं. ते तातडीचं असतं.

त्याआधीच्या डेक्सात माझा कणा "नॉर्मल" होता. आमच्यासारख्यांत कण्याची घनता बहुधा टिकून राहते, कधी वाढलेलीही दिसते. खरी झीज असते गुडघ्याजवळ, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला. नेहमीच्या डेक्सात कणा आणि खुबा बघतात. गुडघा मुद्दाम सांगून करून घ्यावा लागतो. मी तो फ्रॅक्चरनंतर करून घेतला. आधी करायला हवा होता. आता डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणेच, फिजिओथेरपिस्टने आखलेल्या वेळेत उभी राहते.

फ्रेममधली मुख्य उणीव म्हणजे गुडघ्याचे पॅड. फोम कडक आहे आणि त्याचा दाब नेमका वाटीवर येतो. संवेदना नसलेल्या माणसाला तो कळणार कसा? मी मऊ, खोलगट पॅड बसवून घेतले. टाचेचा पट्टाही सैल पडतो, पाऊल बाहेर वळतं आणि त्याचा पीळ वर गुडघ्यापर्यंत जातो. उठण्याआधी दोन्ही पावलं सरळ आहेत ना, हे कुणाला तरी बघायला सांगा.

५ पैकी ३ तारे. पॅड सुधारले आणि ते वाक्य जाहिरातीतून काढलं, तर ४ देईन.

मी रोज सकाळी ४० मिनिटं उभी राहते. खाली बसले की दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवते: सूज आहे का, एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का.