जे-१चा वेव्हर की दोन वर्षं घरी?

दोन वर्षांचा नियम एका ओळीत असा: अमेरिकेच्या जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर सरकारी पैशाने किंवा डॉक्टरकीच्या प्रशिक्षणासाठी गेलेल्याला, किंवा ज्याचं क्षेत्र मायदेशाला गरजेच्या कौशल्यांच्या यादीत (स्किल्स लिस्टमध्ये) आहे त्याला, आधी दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात, त्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही; वेव्हर म्हणजे या अटीतून माफी. याहून जास्त ज्याला समजावून सांगावं लागतं त्याने हे वाचून उपयोग नाही. मी धरून चालतो की तुमच्या व्हिसाच्या शिक्क्यावर २१२(ई), म्हणजे या नियमाचं कलम, छापलेलं आहे, पोस्टडॉकची तीन-चार वर्षं होत आली आहेत आणि रात्री जेवणं उरकली की घरात एकच विषय निघतो. वेव्हरचा अर्ज टाकायचा, की सरळ भारतात जाऊन दोन वर्षं काढायची? मी पहिल्या वाटेने अर्ध्यापर्यंत गेलो आणि दुसरी पूर्ण केली. त्यामुळे माझा कौल निःपक्षपाती आहे असा दावा नाही.

आधी एक तपासून घ्या. ९ डिसेंबर २०२४ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्किल्स लिस्ट बदलली आणि तिच्यातून भारत वगळला गेला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. केवळ त्या यादीमुळे अडकलेले लोक सुटले, मग शिक्क्यावर काहीही लिहिलेलं असो. शंका असेल तर त्याच खात्याच्या वेव्हर विभागाकडे ॲडव्हायझरी ओपिनियन मागता येतं. प्रोफेसरच्या एनआयएच (अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) ग्रँटमधून पगार मिळतो म्हणून घाबरणारेही पुष्कळ भेटतात. तसा पैसा सहसा यात धरत नाहीत. देवाणघेवाणीच्या हेतूने सरकारने तुम्हाला दिलेला पैसा धरतात.

डॉक्टरांचं गणितच वेगळं. रेसिडेन्सीसाठी जे-१वर आलेल्यांना ‘आमचा माणूस परतला नाही तरी हरकत नाही’ असं मायदेशाचं ना-हरकत पत्र चालत नाही. त्यांचा मुख्य रस्ता कॉनराड-३०चा: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि त्या बदल्यात बहुतेक वेळा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी. फुलब्राइट-नेहरूवाल्यांनाही स्पष्ट सांगतो, अमेरिकी सरकारच्या पैशावर आलेल्याला ना-हरकतीच्या जोरावर अनुकूल शिफारस क्वचितच मिळते. राहिले माझ्यासारखे, आपल्या सरकारची फेलोशिप घेऊन गेलेले आणि मग तिकडेच प्रोफेसरच्या ग्रँटवर टिकून राहिलेले. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

वेव्हरच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट ही की तुम्ही जागचे हलत नाही. प्रयोग चालू राहतात, पेपर निघतात, पोरांची शाळा बदलत नाही. मुख्य अर्जदाराचा वेव्हर झाला की जे-२वरचा जोडीदारही मोकळा होतो. परराष्ट्र खात्याची फी १२० डॉलर. बाकी खर्च कागदांचा आणि हेलपाट्यांचा. वकील लागतोच असं नाही. ना-हरकतीच्या वाटेने जाणारे बरेच जण स्वतःच अर्ज भरतात.

पण ते ना-हरकत पत्र दूतावासातून निघतं, आणि ते निघण्याआधी भारतात एक लांबलचक साखळी ओलांडावी लागते. राज्य सरकारची हरकत नाही, पासपोर्ट कार्यालयाची हरकत नाही, मग शिक्षण मंत्रालयाचं ‘नोरी’ (भारतात परतण्याचं बंधन नसल्याचं) प्रमाणपत्र, आणि त्यानंतर दूतावास. फेलोशिप घेतली असेल तर ती देणाऱ्या संस्थेशी बाँडचा हिशेब मिटवून तिचं पत्रही आणावं लागतं. तुम्ही असता बॉस्टनमध्ये नाहीतर ह्यूस्टनमध्ये, त्यामुळे ही धावपळ तिकडे कुणीतरी करायची असते. माझ्यासाठी बाबांनी केली. निवृत्त माणसाला विरंगुळा होईल असं आम्ही घरात गमतीने म्हणायचो. दुसऱ्या हेलपाट्यानंतर ती गंमत बंद झाली. या साखळीतल्या एका टेबलावर आमची फाइल बसून राहिली. कुठल्या खात्याच्या ते लिहीत नाही, कारण तुमची फाइल बहुधा दुसऱ्याच टेबलावर बसेल.

अमेरिकेतला टप्पा त्यामानाने सुतासारखा. डीएस-३०३५ हा वेव्हरचा अर्ज ऑनलाइन भरायचा, बारकोडचं पान छापून जोडायचं, केस नंबर आला की दूतावासाच्या पत्राची वाट बघायची. ते पत्र तुमच्या हाती येत नाही, थेट वेव्हर विभागाकडे जातं. तिथून शिफारस इमिग्रेशन खात्याकडे जाते आणि शेवटचा निर्णय ते देतात. स्टेटसच्या पानावर कुठला कागद पोचला आणि कुठला नाही ते दिसतं, आणि न पोचलेल्या कागदाच्या ओळीकडे तुम्ही रोज सकाळी चहाच्या आधी बघायला लागता. फलक नसलेल्या थांब्यावर एसटीची वाट बघावी तसं होतं: येणार हे सगळे सांगतात, कधी ते कुणीच नाही.

तरीही नुसता उशीर मी सोसला असता. मला नडली ती यातली एक तरतूद, आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. परराष्ट्र खात्याची अनुकूल शिफारस झाली की तुमचा डीएस-२०१९, म्हणजे जे-१ची मुदत लिहिलेला कागद, सहसा पुढे वाढवून मिळत नाही. त्यावर आधीच छापलेल्या तारखेपर्यंत राहायचं, आणि तोवर एच-१बी झाला नाही तर सामान बांधायचं. इकडे विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय वेव्हर दिसल्याशिवाय एच-१बीची फाइल उघडायला तयार नसतं. पत्र उशिरा आलं तर काय होईल ही धास्ती होतीच. लवकर आलं तरी पंचाईत, हे कळल्यावर माझी झोप उडाली.

यावर सगळे एकच सल्ला देतात: आधी डीएस-२०१९ जितका लांबवता येईल तितका लांबवा, रिसर्च स्कॉलरची पाच वर्षं पूर्ण वसूल करा, मग अर्ज टाका. सल्ला चांगला आहे. पण ज्या ग्रँटवर पगार चालतो तिचं नूतनीकरण वर्षाला होत असेल, तर डीएस-२०१९ही वर्षाचाच मिळतो. माझा तसाच होता. म्हणजे मुदतवाढ मागायची की नाही, कधी मागायची आणि त्याआधी शिफारस येऊन धडकली तर काय, हा हिशेब दर वर्षी नव्याने. बायकोचं जे-२वरचं वर्क परमिट त्याच तारखेला बांधलेलं. तिला नोकरी देणारा पहिला प्रश्न तारखेचाच विचारायचा. घराचा भाडेकरार वर्षाचा करायचा की महिन्या-महिन्याचा, हेही त्या एका न पोचलेल्या कागदावर अवलंबून. आईच्या ऑपरेशनला जाऊ का म्हणून एका ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, शिक्का संपलाय, शक्यतो जाऊ नका. तिथे माझं मन उठलं.

घरी परतण्याचे तोटे मी लपवत नाही. पगाराचा आकडा पहिल्या महिन्यात खुपतो. नव्या लॅबमध्ये सुरुवातीचे महिने खरेदीच्या फायलींतच जातात. एखादं रसायन तिकडे दोन दिवसांत दारात यायचं, त्याची इकडे तीन कोटेशनं. अमेरिकेत जन्मलेल्या पोरासाठी ओसीआय कार्ड काढायला लागतं. पुण्यात, मुंबईत आयसर, एनसीएल, टीआयएफआर अशा संस्था आहेत खऱ्या, पण जागा मोजक्या आणि मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या जातात. रामलिंगस्वामी फेलोशिपसारखी परतणाऱ्यांसाठीची योजना मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नये.

पण वाट बघायची ती इथेही बघायचीच, आणि इथल्या वाटेतला प्रत्येक दिवस खात्यावर जमा होतो. नियमाला एकूण दोन वर्षं हवी असतात, सलगच हवीत असं नाही. मध्ये परिषदेला बाहेर गेलात तर तेवढे दिवस धरत नाहीत, पण आधीचे बुडतही नाहीत. कुणाच्या टेबलावर फाइल पडून आहे याच्याशी त्या मोजणीचा संबंध नाही. मला या एका गोष्टीने जो निवांतपणा दिला तो पगाराच्या फरकात कसा मोजायचा ते ठाऊक नाही. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो, आणि तोही दिवस जमेत धरला गेला.

आता माझ्या बाजूला सगळ्यात जड जाणारा मुद्दा. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय घोषणेनंतर अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरायचे, आणि विद्यापीठांनाही त्यातून सरसकट सूट नाही. तिथे राहूनच जे-१वरून एच-१बीवर जाणाऱ्याला मात्र तो भुर्दंड पडत नाही. घोषणा सुरुवातीला एका वर्षासाठी होती आणि तिच्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या, तेव्हा निर्णयाच्या दिवशी स्थिती काय आहे ते पाहूनच ठरवा. मी परतलो तेव्हा हे लचांड नव्हतं. ज्याला एच-१बीवरच, त्याच विद्यापीठात, त्याच प्रोफेसरकडे काम करायचं आहे, त्याला आज मी घरी जा असं सांगणार नाही.

मात्र तसे लोक फार नसतात, असं मला वाटतं. काहींना जोडीदारामुळे ग्रीन कार्ड मिळायचं असतं, काहींचं ओ-१चं, म्हणजे असामान्य कर्तृत्वावर मिळणाऱ्या व्हिसाचं, प्रोफाइल तयार असतं. ओ-१ला तर हा दोन वर्षांचा नियम आडवा येत नाही, फक्त व्हिसा बाहेरच्या वकिलातीतून घ्यावा लागतो. काहींना पुढे पुन्हा जे-१ चालणार असतो. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की रिसर्च स्कॉलरला पुन्हा त्याच प्रकारात येण्याआधीची २४ महिन्यांची बंदी हा वेगळा नियम आहे आणि वेव्हरने तो माफ होत नाही. आणि काहींना, खरं सांगायचं तर, परतायचंच असतं. फक्त निमित्त हवं असतं.

माझं मत विचाराल तर डीएस-२०१९वर वर्षाहून जास्त मुदत हातात असेल आणि भारतातली निदान अर्धी साखळी ओलांडून झाली असेल, तर वेव्हरची वाट बघा. यातलं एक जरी नसेल तर घरी जा. तिकडे गेल्यावरही अर्ज चालू ठेवता येतो. वेव्हर आला तर आला, नाही आला तर दिवस साठत राहतातच. जाताना मात्र पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा: विमानतळावरच्या शिक्क्यांच्या प्रती, बोर्डिंग पास, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, संस्थेचं पत्र. जोडीदाराची फाइल वेगळी ठेवा. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीपलीकडचा माणूस तुमच्या दोन वर्षांबद्दल फारसं विचारणार नाही कदाचित, पण विचारलंच तर तारखांबद्दलच विचारेल.