कबुतरांसाठी प्लास्टिकचं घुबड घेताय? आधी नखाने खरवडून बघा

आमची गोरेगावची बिल्डिंग जुनी, चौथा मजला, पश्चिमेच्या खिडक्या, खिडकीखाली छज्जा आणि छज्ज्यावर एसीचं आउटडोअर युनिट, म्हणजे कबुतरांना आयता फ्लॅट, तोही बिनभाड्याचा. बाहेरून जाळी लावायला सोसायटीची परवानगी नाही, बिल्डिंगचा लुक जातो म्हणे (प्लास्टरचे पोपडे निघालेत त्याने लुक जात नाही!). आणि घरोघरी एकच विषय, कबुतराची विष्ठा आणि फुफ्फुसं, २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हापासून तर जास्तच. आमच्याकडे सासूबाईंना आधीच दम्याचा त्रास, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. म्हणून घुबड, ते बघून कबुतरं घाबरून लांब राहतील ह्या आशेने.

बाजारात साधारण तीन प्रकारची मिळतात, तिन्ही वापरून झालीत, तर सरळ सांगते.

पहिलं क्रॉफर्ड मार्केटच्या बाहेर फुटपाथवर, तीनशे सांगून अडीचशेला दिलेलं. हे घेऊच नका. प्लास्टिक इतकं पातळ की पोटावर अंगठा दाबला की टक्कन आत जातं आणि बाहेर येताना पण टक्कन वाजतं, डोळे म्हणजे चिकटवलेले स्टिकर, आणि रंग वरून फवारलेला. मे महिन्याचं दुपारचं ऊन खाल्ल्यावर पाठीवर बोट फिरवलं तर बोटाला चॉकलेटी पावडर लागायला लागली. पाऊस सुरू झाल्यावर एक डोळा गळून पडला आणि मग ते एका डोळ्याचं घुबड आणि त्याच्या डोक्यावर ऐटीत बसलेलं कबुतर हे दृश्य समोरच्या विंगमधल्या काकूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकलं.

दुसरं ऑनलाइन मागवलं, हजाराच्या वर, सोलरवर मान फिरते म्हणून. मान फिरत होती, खोटं कशाला बोलू, आणि तेवढे दिवस कबुतरं खरंच लांब होती. पण आपल्याकडची खारी हवा आणि त्यात पावसाळा. मानेतली स्प्रिंग गंजली, डोकं एका बाजूला कलून तिथेच अडकलं. त्याहून वाईट म्हणजे मानेच्या फटीतून पाणी आत जात होतं आणि तळाला बाहेर पडायला भोकच नव्हतं. एकदा हलवलं तर आत डुचमळल्यासारखं वाजलं, उलटं केलं तर बादलीत पाण्याबरोबर डासांच्या अळ्या, वळवळणाऱ्या!! कबुतराच्या आजारापासून वाचायला आणलेली वस्तू घरात डेंग्यू पाळत होती. महापालिकेची माणसं कुंड्यांच्या ताटल्या तपासतात, घुबडाच्या पोटात कोण बघणार. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, प्रॉडक्ट 'वॉटर रेझिस्टंट' आहे, 'वॉटरप्रूफ' नाही. बरं.

ह्यानंतर माझ्या मावसभावाशी बोलणं झालं, तो अमेरिकेत मिनेसोटात असतो, तिकडे बदकांच्या शिकारीचं फार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, तिकडे मात्र सीझन असतो, लायसन्स असतं आणि खऱ्या बदकांना भुलवून खाली उतरवण्यासाठी पाण्यावर सोडायला खोटी बदकं डझनाच्या हिशोबाने विकत मिळतात. पूर्वी जिवंत बदकं बांधून ठेवायचे पण ते तिकडे १९३५ पासून बंद आहे. मावसभाऊ स्वतः शाकाहारी, पण ऑफिसातल्या लोकांची बडबड ऐकून त्याला सगळं पाठ. तो म्हणाला ताई, ते लोक घेताना आधी तीन गोष्टी बघतात, रंग किती दिवस धरतो, चमकतं का आणि सरळ राहतं का. चांगल्या बदकाच्या पोटात फोम भरलेला असतो, छर्रा लागला तरी पाणी शिरून बुडत नाही. तळाला वजन असतं, म्हणजे पाण्यात उलटं टाकलं तरी आपोआप सुलटं होतं. महागातल्यांच्या डोक्याला मखमलीसारखी बारीक लव असते, कारण ऊन पडल्यावर प्लास्टिक चकाकलं की वरून जाणाऱ्या बदकाला लगेच संशय येतो. आणि पोत्यात एकमेकांवर घासून रंग जाऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा असलेली पिशवी. एवढा विचार, तोही खोट्या बदकाचा! तिकडे नेवाडात लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची बांधलेली, वर पिसं खोचलेली खोटी बदकं सापडलीत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. गवताचं बदक दोन हजार वर्षं आणि माझं घुबड एक पावसाळा पण नाही.

तर हेच निकष लावून तिसरं घेतलं, भायखळ्याला बागकामाचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून, साडेसहाशेला. दुकानदार सज्जन माणूस, हातात घेऊन दाबून खरवडून बघू दिलं. काय बघायचं तर तळाशी, जिथे दिसत नाही तिथे, नखाने खरवडायचं. खालून पांढरं प्लास्टिक दिसलं तर समजा रंग नुसता वरून मारलाय, आतपर्यंत तोच रंग असेल तर घ्या, कारण मग ऊन लागून फिकं झालं तरी पांढरं ठिपकेदार भूत होत नाही. मग दोन्ही हातांनी दाबायचं, टक्क आवाज यायला नको. दोन अर्धे जिथे जोडलेत ती शिवण बघायची, तिथे नख शिरत असेल तर पाणी पण शिरणार. डोळे साच्यातच असलेले किंवा काचेचे खोचून बसवलेले हवेत, स्टिकर नको. दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायचं, चकाकतंय का. आणि तळाला वाळू भरायचं बूच आहे ना ते बघायचं. मान फिरणारी ऐवजी अखंड घेतलेली बरी, फिरवायला आपले हात आहेत.

वाळू भरताना कोरडी भरा, आधी कढईत भाजून घेतली तर उत्तम (सासूबाईंना न सांगता, त्यांची कढई असेल तर). अर्ध्याच्या थोडी वर भरायची आणि बूच एमसीलने बंद. आता हे नीट वाचा, वाळू भरलेलं घुबड चांगलं जड होतं आणि चौथ्या मजल्यावरून खाली कोणाच्या डोक्यात पडलं तर कबुतरांचा प्रश्न राहील बाजूला. त्यामुळे ग्रिलला बांधायचंच, साधी सुतळी पावसात कुजते, साधी तार गंजते, स्टेनलेस स्टीलची बारीक तार हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती दोन ठिकाणी गुंडाळा.

दोन पावसाळे काढलेत ह्याने. पाठ थोडी फिकी झालीय, बाकी शाबूत.

आता चालतं का? अर्धवट. बदक वरून उडत जाताना एकदा खाली बघतं, त्याला तेवढंच फसवायचं असतं. कबुतर दोन फुटांवर बसून दिवसभर निरखत असतं, त्याला थोड्याच दिवसांत कळतं की हा प्राणी हलत नाही. त्यात ही बहुतेक घुबडं बनवलीत अमेरिकेतल्या शिंगवाल्या घुबडाची नक्कल करून, गोरेगावच्या कबुतराच्या सात पिढ्यांनी ते पाहिलेलं नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलायची, कधी एसीवर, कधी छज्ज्याच्या कोपऱ्यात, कधी सरळ आत घेऊन टाकायचं आणि चार दिवसांनी परत. हे मी करते तोवर कबुतरं येत नाहीत, गावाला गेलो की परत येतात. आणि एकदा अंडी घातली की घुबड ठेवा नाहीतर वाघ ठेवा, जोडी हलत नाही, तेव्हा काड्या दिसायला लागल्या की लगेच जागा साफ करायची, मास्क लावून आणि आधी पाणी शिंपडून, कोरडं झाडलं तर ती पावडर सगळी नाकात.

घरात घुबड म्हणून सासूबाईंनी महिनाभर तोंड फिरवलं होतं. मग शेजारच्या बंगाली बाईंनी सांगितलं की आमच्याकडे ते लक्ष्मीचं वाहन, तेव्हापासून विरोध मावळलाय, हळदीकुंकू तेवढं वाहायचं बाकी आहे.

फुटपाथवाल्याला शून्य स्टार, सोलरवाल्याला एक (मान फिरली त्याचा), भायखळ्याच्याला साडेतीन. जाळीला पाच, पण ती मिळाली तर ना. पुढच्या मीटिंगमध्ये जाळीचा विषय परत येतोय, मंजूर झाला तर हे घुबड द्यायचंय, कुणाला हवं असेल तर गोरेगावला येऊन घेऊन जा, वाळूसकट. तार तेवढी मी ठेवून घेणार.