सायकल नि स्केटबोर्डची पोरांची पुस्तकं: आधी पडायचं पान बघा

लहान मुलांसाठी सायकल किंवा स्केटबोर्डवरचं पुस्तक घ्यायचं असेल तर माझी एकच टेस्ट आहे, आधी पडायचं पान शोधायचं. म्हणजे त्यातलं पोरगं पडतं का, कसं पडतं, आणि पडल्यावर पुढच्या पानावर काय होतं. बऱ्याच पुस्तकांत हे पानच नसतं हो! एका पानावर बाबा सीट धरून मागे पळतायत, पान उलटलं की पोरगं एकटंच सुसाट, मधलं सगळं गायब. आमच्याकडे एक जण सायकल शिकतोय आणि एक जण बोर्डच्या नादी लागलीये, त्यामुळे असली पुस्तकं ढिगाने वाचून झालीत आणि त्यातली बरीचशी एकदा वाचून बाजूला पडली.

टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळवणारं पुस्तक म्हणजे ख्रिस राश्काचं 'एव्हरीवन कॅन लर्न टू राइड अ बायसिकल' (२०१३). हा माणूस चित्रांसाठी दोनदा कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं मोठं बक्षीस, मिळवलेला आहे. यातली चित्रं बघून आधी वाटतं की घाईघाईत रंगवलीत की काय, वॉटरकलरचे नुसते फटकारे, पण सायकल डुगडुगायला लागली की जग तसंच तर दिसतं ना, कडा नसलेलं. सायकल निवडायची, आधी इतरांना चालवताना नीट बघायचं, मग बसायचं, मग तोल जातोच, आणि मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हा 'पुन्हा' त्यात इतक्यांदा येतो की आमचा धाकटा ते पान आलं की माझ्या आधी ओरडायला लागतो. इंग्रजी आहे, पण मजकूर इतका थोडा की वाचता वाचता मराठीत सांगता येतो, काही अडत नाही.

बाजूची चाकं हा विषय मात्र बहुतेक पुस्तकं फार भाबडेपणाने उरकतात, एके दिवशी ती काढली की झालं! अरे पण ती चाकं असताना सायकल कलतच नाही, आणि कलल्याशिवाय तोल शिकणार कसा? ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं ही खरी किल्ली, ती शरीराला कळते, तोंडाने सांगून कळत नाही. १८१७ मध्ये कार्ल ड्राइसने जर्मनीत जी दोन चाकी गाडी काढली तिला पॅडलच नव्हते, पायाने ढकलत जायचं. आज छोट्यांच्या बॅलन्स बाइक मिळतात त्या तशाच की. सायकलच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हे चित्र असतंच, ते पान शिकणाऱ्या पोराला जरूर दाखवा, त्याला लगेच कळतं की आधी तोल आणि मग पॅडल.

आता चित्रांबद्दल थोडी कटकट करते. चित्रकारांना सायकल काढता येत नाही! चेन डाव्या बाजूला, नाहीतर चेन पुढच्या चाकालाही गुंडाळलेली, नाहीतर फ्रेम दोन्ही चाकांना अशी जोडलेली की हँडल वळणारच नाही. यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही म्हणा, लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये यावर एक अभ्यास छापला होता, लोकांना आठवून सायकल काढायला सांगितलं तर भल्याभल्यांनी हेच घोळ घातले. पण पुस्तक काढताना समोर एक सायकल उभी करून बघायला काय जातं? पोरांच्या नजरेतून हे सुटत नाही, आमच्याकडे "ही चालणारच नाही" असा निकाल लागला की पुस्तक बंद.

'द बेअर्स बायसिकल' जुनं आहे, १९७५चं, एमिली वॉरन मॅक्लाउड यांचं, चित्रं डेव्हिड मॅकफेल यांची. मुलगा सगळे नियम पाळत सायकल चालवतो आणि त्याचं टेडी बेअर धिप्पाड अस्वल होऊन सगळं नेमकं उलट करतं. उपदेश मुलाच्या वाट्याला, आपटाआपटी अस्वलाच्या. पोरं अर्थातच अस्वलाकडे बघतात आणि तरी नियम डोक्यात राहतात. फक्त पुस्तक अमेरिकेतलं, त्यामुळे सगळं रस्त्याच्या उजव्या बाजूने, डावीकडून जायचं हे आपण सांगायचं. आणि त्या काळात पोरं हेल्मेट घालत नव्हती, तेही आपणच सांगायचं.

थोड्या मोठ्या मुलांना 'एमॅन्युएल्स ड्रीम' द्या, लॉरी अ‍ॅन थॉम्प्सन यांचं, २०१५चं. घानामधला एमॅन्युएल ओफोसू येबोआ, जन्मापासून एक पाय अधू, त्याने २००१ मध्ये एका पायाने पॅडल मारत जवळजवळ ४०० मैल म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास सायकल चालवली, दहा दिवसांत. खरी गोष्ट आहे. मला यात आवडलं ते असं की 'बिचारा' हा सूर कुठेही लागत नाही. लहानपणी लंगडी घालत शाळेत जातो, ते पान आमच्या मोठीने बराच वेळ उघडं ठेवलं होतं.

'द रेड बायसिकल' पण छान, ज्यूड इसाबेला यांचं, एक सायकल अमेरिका खंडातल्या पोराकडून बुर्किना फासोमध्ये जाते आणि शेवटी दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स होते. मजकूर जास्त आहे, झोपायच्या वेळी घेऊ नका, तुम्हीच आधी झोपाल.

स्केटबोर्डची गोष्ट वेगळी. इथे गोष्टीची पुस्तकं कमी आणि ट्रिक शिकवणारी नाहीतर खेळाडूंची चरित्रं जास्त. चित्रांची बोंब इथे तर विचारूच नका, पोरगं दोन्ही पाय जुळवून समोर तोंड करून बोर्डवर उभं, जसं काही बसची वाट बघतंय! बोर्डवर आडवं उभं राहतात, डावा पाय पुढे तर रेग्युलर, उजवा पुढे तर गूफी, आणि आपला कुठला ते आधी ठरवायचं, हे ज्या पुस्तकात पहिल्या काही पानांत नाही ते पुस्तक खाली ठेवा.

ट्रिकच्या पुस्तकांत ऑलीचं पान बघा. मागच्या पायाने शेपूट, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, जमिनीवर फाडकन आपटायची, त्याच झटक्यात उडी, आणि पुढचा पाय बोर्डवर चिकटवलेल्या खरखरीत ग्रिप टेपवरून घासत पुढे न्यायचा म्हणजे बोर्ड हवेत जमिनीला समांतर होतो. ऑली म्हणजे हेच. चांगल्या पुस्तकात याचे सलग पाच-सहा फोटो असतात, घासणारा बूट अगदी जवळून दाखवलेला. टुकार पुस्तकात दोनच फोटो, आधी जमिनीवर, मग हवेत. मधलं तुमचं तुम्ही बघा!

आणि इथेही पडायचं पान हवंच. मनगटावर भार न टाकता गुडघे वाकवून बाजूला लोळायचं, हे ट्रिकच्या आधी यायला पाहिजे. ब्रिटनची स्केटबोर्डर स्काय ब्राउन २०२० मध्ये सराव करताना एवढी जोरात आपटली की कवटीला फ्रॅक्चर आणि मनगट मोडलं, तिने तो पडतानाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, आणि पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये तेराव्या वर्षी ब्राँझ घेतलं. तिच्याबद्दलच्या पुस्तकात ही घटना एका ओळीत गुंडाळलेली असेल तर घेऊ नका.

छापल्याचं सालही बघून घ्या. स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते २०२१ मध्ये, मुलींमध्ये स्ट्रीटचं (पायऱ्या-कठड्यांवरचं) गोल्ड जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाला आणि पार्कचं (खोलगट वाडग्यासारख्या मैदानातलं) सिल्व्हर तिथल्याच बारा वर्षांच्या कोकोना हिराकीला. त्याआधीच्या पुस्तकांत ते पान असणारच नाही, पोरगेच पोरगे ढगळ पँटीत, आणि कुठेतरी कोपऱ्यात टाळ्या वाजवणारी एक मुलगी. आमच्या मोठीने तिच्या हातात पेनाने बोर्ड काढून ठेवलाय, तेव्हा लायब्ररीचं पुस्तक असेल तर जपून.