जॉबच्या पोटात जॉब, की दोन सुटे जॉब?

यादीच्या पानावरून वस्तूच्या पानावर जायचं, तिथून तिच्या अभिप्रायांच्या पानांवर. वेब स्क्रॅपिंगचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहून साइटवरची माहिती गोळा करण्याचं, बरंचसं काम अशा दोन-तीन पायऱ्यांचं असतं. नेस्टेड, म्हणजे एकात एक, पद्धतीत मुख्य जॉब (प्रोग्रॅमचं एक स्वतंत्र काम) यादी वाचता वाचता प्रत्येक लिंकसाठी आतला जॉब तिथल्या तिथे चालवतो. सुट्या पद्धतीत पहिला जॉब फक्त लिंका टेबलात भरतो आणि दुसरा त्या टेबलातून एकेक उचलतो.

निवडण्याआधी कागदावर गुणाकार करा. समजा, यादीची 200 पानं, दर पानावर 50 वस्तू, दर वस्तूला अभिप्रायांची 4 पानं. यादीच्या 200, वस्तूंच्या 10,000 आणि अभिप्रायांच्या 40,000, अशा एकूण 50,200 रिक्वेस्ट (सर्व्हरकडे पानाची मागणी) झाल्या. सेकंदाला एक, या वेगाने जवळपास 14 तास. एवढ्या वेळात कनेक्शन कधीतरी तुटेल हे धरूनच चालावं, आणि तुटल्यावर कुठून सुरू करायचं हाच माझ्या मते निर्णायक प्रश्न आहे.

नेस्टेड जॉबची जमेची बाजू म्हणजे संदर्भ हातचा सुटत नाही. वस्तूचा वर्ग फक्त यादीच्या पानावर लिहिलेला असेल, तर तो थेट आतल्या जॉबला देता येतो. कुकी आणि लॉगिन तेच राहतात. काही साइटवरच्या लिंका थोड्याच वेळात बाद होतात. तिथे आधी गोळा करून मग उघडू म्हटलं तर हाती काहीच लागत नाही. अशा ठिकाणी नेस्टेडच घ्या, दुसरा विचार नको.

पण त्यात डेटा गुपचूप गळतो, आणि याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. स्क्रॅपी या पायथनमधल्या स्क्रॅपिंगच्या साधनाचं उदाहरण घ्या. अर्धवट भरलेली नोंद एका कॉलबॅककडून (पान आल्यावर चालणारं फंक्शन) पुढच्याकडे देत गेलात आणि शेवटच्या पानाला 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, आला, तर तो कॉलबॅक मुळात चालतच नाही. आधी मिळालेलं नाव, किंमत, सगळं त्या नोंदीबरोबर जातं. त्यासाठी एररबॅक (चूक आल्यावर चालणारं फंक्शन) लिहून अर्धी नोंदही बाहेर काढावी लागते. दुसरी गळती आणखी फसवी आहे. दोन वस्तूंचा विक्रेता एकच असेल तर त्याच्या पानाची दुसरी रिक्वेस्ट डुप्लिकेट म्हणून गाळली जाते आणि दुसरी वस्तू गायब होते. लॉगमध्ये अशा गाळणीची फक्त पहिली नोंद दिसते, त्यामुळे ओळी मोजल्याशिवाय हे कळत नाही.

सुट्या जॉबमध्ये हे होत नाही, कारण वस्तू आणि विक्रेता आपापल्या टेबलात राहतात. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते: लिंक, कोणत्या पानावरून आली, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला. लिंकवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे तीच लिंक दोनदा शिरणार नाही. दुसऱ्या दिवशी फक्त फसलेल्या लिंका पुन्हा चालवता येतात. शेवटी टेबलं जोडण्याचं काम वाढतं, हे मान्य.

समोरच्या सर्व्हरचाही विचार हवा. आतल्या प्रत्येक जॉबला स्वतःचा एक सेकंदाचा विराम असेल आणि असे दहा जॉब एकदम चालले, तर सर्व्हरला सेकंदाला दहा रिक्वेस्टपर्यंत झेलाव्या लागतात. विराम पूर्ण साइटसाठी एकच असावा. सुट्या पद्धतीत रांग एकच असल्याने ते सोपं जातं.

दोनच पायऱ्या, तासाभराचं काम आणि एकदाच चालवायचं असेल तर नेस्टेड पुरे. तीन पायऱ्या किंवा रोजचं काम असेल तर सुटे करा. मधला मार्गही चांगला चालतो: यादी सुटी, आणि वस्तू व तिचे अभिप्राय एका नेस्टेड जॉबमध्ये. फक्त टेबलातली स्थिती लिंक उचलताना ‘झाली’ करू नका; डेटा जतन होईल त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही) ती बदला.